सांखवाळ ते सेवाग्राम : धर्मानंद कोसंबी यांची विद्यायात्रा

दोन दूरच्या देशांमधील संबंधांचा इतिहास लिहिताना तह, व्यापार आणि राजदूत यांची नोंद आवर्जून घेतली जाते. अभ्यासकांच्या येण्याजाण्याला त्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. वस्तुतः एका देशाचा पंडित दुसऱ्या देशात जाऊन राहतो, तेथील विद्या आत्मसात करतो आणि आपल्याजवळची विद्या तेथे ठेवून येतो, तेव्हा निर्माण होणारा स्नेह राज्यकर्ते बदलले तरी टिकण्याची शक्यता असते. आधुनिक महाराष्ट्रात अशा विद्याविनिमयाचे ठळक उदाहरण म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे जीवन होय. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेला आणि नियमित शालेय शिक्षणही फारसे न लाभलेला हा माणूस लंका, ब्रह्मदेश, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया येथपर्यंत पोहोचला. त्याच्या यात्रेचा शेवट वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे झाला.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना कोसंबी परिचित आहेत ते ‘निवेदन’ या आत्मचरित्राचे आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून. परंतु त्यांच्या चरित्रातून वाङ्मयेतिहासाच्या पलीकडचा एक प्रश्नही पुढे येतो. परतंत्र देशातील विद्वान जेव्हा समर्थ देशातील विद्यापीठाच्या निमंत्रणावरून तेथे जातो, तेव्हा त्याचे स्थान सहकाऱ्याचे असते की मदतनिसाचे? विद्येची देवाणघेवाण बरोबरीच्या नात्याने होते की केवळ एका बाजूच्या सोयीने? कोसंबींना या प्रश्नाला आयुष्यभर तोंड द्यावे लागले आणि त्याचे उत्तर त्यांनी ग्रंथांपेक्षा आपल्या वर्तनातून अधिक स्पष्टपणे दिले.

१. गृहत्याग

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. घरची थोडीशी नारळीची बागायत होती. प्रकृती अशक्त आणि शिक्षणाची सोय अपुरी, त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढील ज्ञान त्यांनी मराठी पुस्तके व मासिके वाचून मिळवले. लहान वयातच बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कौटुंबिक जबाबदारी आणि ज्ञानाची ओढ यांच्या ओढाताणीत असतानाच ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. या लहानशा लेखाने त्यांच्या जीवनाची दिशा ठरवली, ही गोष्ट मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी आहे. मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिलेला मजकूर एका खेड्यातील तरुणाला पाली त्रिपिटकापर्यंत नेऊ शकला.

१८९९ च्या अखेरीस, पहिली कन्या माणिक अगदी तान्ही असताना, कोसंबींनी घर सोडले. या निर्णयाची किंमत सर्वांत जास्त बाळाबाईंना मोजावी लागली, हे चरित्रकाराला नजरेआड करता येणार नाही. बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवायचे तर प्रथम संस्कृत यायला हवे, या समजुतीने ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी त्यांचा संबंध आला. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून आणि अतिशय गैरसोयीत राहून त्यांनी पारंपरिक पद्धतीने संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये बुद्धाच्या जन्मभूमीच्या परिसरात जिवंत बौद्ध धर्म सापडेल या आशेने ते नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. नंतर बुद्धगया व कलकत्ता येथे महाबोधी सभेशी संबंध आल्यावर त्यांना कळून चुकले की, हवी ती विद्या भारतात उरलेली नाही. ती समुद्रापलीकडे, लंकेत जतन झाली आहे.

२. लंका आणि ब्रह्मदेश

१९०२ मध्ये कोसंबी कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात दाखल झाले. या विद्यालयाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्या काळातील पाली विद्येचे अग्रगण्य आचार्य होते. त्यांच्यापाशी कोसंबींनी दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांच्या अध्ययनास आरंभ केला.

या प्रसंगाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. पाली वाङ्मय मूळचे भारतीय, परंतु भारतात त्याची परंपरा खंडित झाली होती. लंका, ब्रह्मदेश आणि सयाम या देशांतील भिक्षुसंघांनी ते आपापल्या लिपीत शतकानुशतके सांभाळले. कोसंबींना ज्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथावर पुढे आयुष्याची अनेक वर्षे खर्च करायची होती, तो ग्रंथही अशाच देशांतराचे फळ आहे. परंपरेनुसार आचार्य बुद्धघोष पाचव्या शतकात भारतातून लंकेला गेले आणि अनुराधपूरच्या महाविहारातील सिंहली अट्ठकथांच्या आधारे त्यांनी ग्रंथरचना केली. म्हणजे विद्येच्या या मार्गावर दोन्ही दिशांनी जुनी वर्दळ होती. कोसंबींनी केले ते एवढेच की, बुजलेली वाट पुन्हा चालून पाहिली. त्यांना कोणत्या सरकारने पाठवले नव्हते, त्यांच्यापाशी शिष्यवृत्ती नव्हती आणि शिफारसपत्रांचे बळही बेताचेच होते. लंकेतील भिक्षूंनी परक्या देशातून आलेल्या या विद्यार्थ्याला अन्न, निवारा आणि विद्या दिली. या ऋणाचा विसर कोसंबींना कधीही पडला नाही.

लंकेतील हवापाणी व आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. १९०३ मध्ये ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी ब्रह्मी लिपी आत्मसात केली, ग्रंथांचे अध्ययन पुढे नेले आणि ध्यानमार्गाचाही अनुभव घेतला. मध्यंतरी भारतातील बौद्ध तीर्थस्थानांची यात्रा करून ते पुन्हा ब्रह्मदेशास गेले आणि १९०६ मध्ये कलकत्त्यास परतले. देवनागरी, सिंहली आणि ब्रह्मी या लिप्यांतून पाली ग्रंथ वाचण्याची त्यांची पात्रता याच प्रवासांतून आली. पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठाला त्यांची गरज भासली ती या पात्रतेमुळे. ती पदवीने मिळणारी नव्हती.

३. परतफेडीचा आरंभ

भारतात परतल्यावर कोसंबींनी चीवर उतरवले आणि गृहस्थाचे जीवन पुन्हा स्वीकारले. यामागे वैराग्याचा त्याग नव्हता. कमावलेली विद्या देशबांधवांना द्यायची तर विद्यापीठांत आणि समाजात वावरले पाहिजे, हा विचार होता. वंगभंगाच्या चळवळीने ढवळून निघालेल्या कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. आशुतोष मुखर्जी व हरिनाथ दे यांसारख्यांच्या सहकार्याने कलकत्ता विद्यापीठातही पालीच्या अध्यापनास चालना मिळाली.

येथे त्यांच्या स्वभावाची साक्ष देणारी एक घटना घडली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्याच्या अटीवर महिना ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यात मिळू शकणाऱ्या वेतनाच्या मानाने ही रक्कम अल्प होती. तरीही कोसंबींनी १९०८ मध्ये ती स्वीकारली, कारण आपल्या भाषेत आणि आपल्या प्रांतात ही विद्या रुजवण्याची संधी तीतून मिळत होती. बडोद्यातील व्याख्यानांचा ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हा संग्रह १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. पाली मूळ ग्रंथांच्या आधारे बुद्धविचाराची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या मराठी पुस्तकांत त्याची गणना करावी लागते.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स भारतीय दर्शनांच्या अभ्यासासाठी पश्चिम भारतात आले होते. पातंजल योगदर्शनाचा त्यांनी केलेला अनुवाद पुढे १९१४ मध्ये हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रकाशित झाला. वुड्स यांना कोसंबींनी पाली शिकवली. अमेरिकन प्राध्यापक भारतात येऊन विद्यार्थी झाला आणि त्या विद्यार्थ्याच्याच पुढाकाराने शिक्षकाला अमेरिकेचे निमंत्रण आले. पुढील वीस-बावीस वर्षांच्या येण्याजाण्याचा पाया या गुरुशिष्य नात्यात आहे.

४. हार्वर्ड : सहकारी की मदतनीस?

हार्वर्डमधील कामाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. १८९९ च्या आरंभी त्याचे अकाली निधन झाले. त्याचे गुरू व सहकारी चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांनी ते अपुरे काम पूर्ण करण्याची जबाबदारी पत्करली, परंतु त्यासाठी त्रिपिटक आणि अट्ठकथा यांत मुरलेल्या जाणकाराची आवश्यकता होती. सयामचे राजे चुलालंकरण यांनी १८९३ मध्ये आपल्या राजवटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मुद्रित केलेल्या त्रिपिटकाचे ३९ खंड जगातील अनेक विद्यापीठांना भेट पाठवले होते आणि ते हार्वर्डलाही पोहोचले होते. एका आशियाई राजाने ग्रंथदानाच्या मार्गाने पश्चिमेशी साधलेला हा संवाद होता. तथापि ग्रंथ पोहोचले तरी ते परंपरेच्या आधाराने उलगडणारा माणूस मिळणे ही वेगळी गोष्ट होती. ती उणीव कोसंबींनी भरून काढली.

१९१० मध्ये इंग्लंडमार्गे ते अमेरिकेस गेले आणि १९१२ पर्यंत राहिले. या मुक्कामात तेथील वृत्तपत्रे आणि पुस्तके यांतून समाजवादी विचारांशी त्यांचा परिचय झाला. त्याचा ठसा त्यांच्या पुढील लेखनावर कायम राहिला. ग्रंथाचे काम मात्र एका वादात अडकले. परिश्रमांचा मोठा वाटा कोसंबींचा असताना मुखपृष्ठावर त्यांच्या नावाला कोणते स्थान द्यावे, यावरून लॅनमन आणि त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. वॉरनच्या स्मृतीविषयी लॅनमन यांची निष्ठा समजण्यासारखी होती. त्याचबरोबर, आपण वेतनावर ठेवलेले सहायक नसून ग्रंथाचे संपादक आहोत, ही कोसंबींची भूमिकाही न्याय्य होती. तडजोड न झाल्याने काम अपुरे ठेवून ते १९१२ मध्ये परत आले.

या वादाकडे दोन व्यक्तींमधील मानापमानाचा प्रसंग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वसाहतकाळात युरोपीय व अमेरिकन प्राच्यविद्येची उभारणी पुष्कळ अंशी स्थानिक पंडितांच्या श्रमांवर झाली. या पंडितांची नावे प्रस्तावनेतील आभारांपुरती उरली, कित्येकांची तेथेही आली नाहीत. कोसंबींनी ही रीत मानण्यास नकार दिला. अर्थप्राप्ती, प्रतिष्ठा आणि परदेशातील स्थान गमावण्याची तयारी ठेवून त्यांनी विद्येतील समानतेचा आग्रह धरला.

नाते मात्र तुटले नाही. वुड्स यांच्या सद्भावामुळे आणि कोसंबींच्या ग्रंथनिष्ठेमुळे ते १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले. या वेळी माणिक आणि दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर होती. १९२२ पर्यंतचा हा मुक्काम, १९२६–२७ मधील तिसरा आणि १९३१–३२ मधील चौथा, अशा एकूण चार वास्तव्यांत ‘विसुद्धिमग्ग’चे काम सिद्धीस गेले. हार्वर्ड ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून ते प्रत्यक्ष प्रसिद्ध झाले १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर. त्यावर वॉरन यांचे नाव संपादक म्हणून आणि कोसंबींचे संशोधक-संस्कारक म्हणून आले. कोसंबींनी स्वतः तयार केलेली देवनागरी आवृत्ती मात्र त्यापूर्वी दहा वर्षे, १९४० मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली होती. पश्चिमेतील मुद्रणाची वाट पाहत न बसता त्यांनी भारतीय विद्यार्थ्याच्या हाती तो ग्रंथ त्याच्या ओळखीच्या लिपीत दिला.

५. पुणे, अहमदाबाद आणि लेनिनग्राड

हार्वर्डच्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, १९१२ ते १९१८, कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळवून देण्यात भांडारकरांच्या बरोबरीने त्यांचाही वाटा आहे. या काळात त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट यांचे नाव अग्रभागी येते. बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि १९३२ मध्ये तेथून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाच्या चिनी अनुवादाची ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना करून त्यांनी अभ्यासाची कक्षा चीनपर्यंत वाढवली. गुरूने लंका, ब्रह्मदेश आणि अमेरिका जोडली होती, शिष्याने त्यात चीनची भर घातली.

१९२२ नंतर कोसंबींनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील पुरातत्त्व मंदिरात काम केले. गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या या संस्थेत मुनी जिनविजय, पंडित सुखलाल आणि काका कालेलकर यांचा सहवास त्यांना लाभला. जैन आणि बौद्ध विद्येच्या तौलनिक अभ्यासाची दृष्टी येथे पक्व झाली. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र याच काळात, १९२४ मध्ये, ग्रंथरूपाने आले. निराडंबर, वृत्तांतवजा आणि स्वतःच्या दोषांवर पांघरूण न घालणाऱ्या या गद्याला मराठी आत्मचरित्राच्या परंपरेत स्वतंत्र स्थान आहे. परदेशवर्णनातील नवलाई किंवा आत्मगौरव त्यात आढळत नाही. अनोळखी माणसांनी केलेल्या उपकारांची नोंद मात्र बारकाईने येते.

१९२९ मध्ये कोसंबी लेनिनग्राडला गेले. तेथे फ्योदोर श्चेर्बात्स्की यांच्या नेतृत्वाखाली बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था नुकतीच स्थापन झाली होती. समाजवादी राज्यव्यवस्था प्रत्यक्ष पाहण्याची उत्सुकताही या प्रवासामागे होती. तेथील कडक थंडी प्रकृतीस न सोसल्याने ते १९३० मध्ये लवकरच परतले. या संस्थेचे पुढील भवितव्य उद्बोधक आहे. ती थोड्याच काळात दुसऱ्या संस्थेत विलीन झाली आणि १९३७ च्या दडपशाहीत श्चेर्बात्स्की यांचे शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव्ह यांना देहान्त शिक्षा झाली. राज्यसंस्थेच्या आश्रयाने उभी राहणारी विद्या त्याच राज्यसंस्थेच्या लहरीने नष्ट होऊ शकते, हे यातून दिसते. अशा आघातांनंतरही सोव्हिएत आणि भारतीय पंडितांच्या परस्परांविषयीच्या आदराचा धागा सुटला नाही. राहुल सांकृत्यायनही १९३७ मध्ये लेनिनग्राडला गेलेच.

रशियातून परत आलेले कोसंबी मिठाच्या सत्याग्रहात उतरले. शिरोडे आणि विलेपार्ले येथील छावण्यांत त्यांनी काम केले आणि ठाण्याचा तुरुंगवास भोगला. पुढच्याच वर्षी ते हार्वर्डला गेले. ब्रिटिश सरकारचा बंदी आणि अमेरिकन विद्यापीठाचा निमंत्रित अभ्यासक ही दोन्ही नाती त्यांनी एकाच सहजतेने सांभाळली. भारताला स्वतःचे परराष्ट्र धोरण नव्हते, त्या काळात भारतीय मनाचा परिचय बाहेरच्या जगाला अशाच माणसांकडून होत होता.

६. बहुजनांसाठी विद्या

१९३५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा ग्रंथ, १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी सुरू केलेला बहुजनविहार आणि नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने १९४०–४१ मध्ये दोन भागांत प्रकाशित केलेला ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ, या तिन्हींमागे एकच सूत्र आहे. परदेशांतून कमावलेल्या ज्ञानाचा लाभ विद्यापीठाबाहेरच्या माणसाला झाला पाहिजे, हे ते सूत्र होय. सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे केवळ वृद्ध, रोगी आणि प्रेत यांचे दर्शन नसून शाक्य आणि कोलीय यांच्यातील संघर्षाची पार्श्वभूमी आहे, हे विवेचन कोसंबींनी पाली आधारांनिशी केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धविषयक मांडणीशी या विवेचनाचे असलेले नाते अभ्यासकांनी लक्षात घेतले आहे. ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी हाच विषय हाताळला. ‘भगवान बुद्ध’मधील प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराच्या चर्चेवरून जैन समाजातील काही मंडळींनी त्यांच्याविरुद्ध आक्षेप घेतले. पुराव्याशी तडजोड करण्यास मात्र ते तयार झाले नाहीत.

७. सेवाग्राम

वर्धा हे त्या काळात एका जिल्ह्याचे ठिकाण असले तरी जगाच्या पाठीवरील अनेक वाटा तेथे येऊन मिळत होत्या. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये गांधीजींना वर्ध्यातच भेटले. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास गेल्यानंतर हा ओघ वाढला. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. लंकेत अध्ययन केलेले भदंत आनंद कौसल्यायन यांनी १९४० च्या दशकात या समितीची धुरा वाहिली. पुढे त्यांनी लंकेतील विद्यालंकार विद्यापीठात हिंदीचे अध्यापन केले. लंकेकडून पाली घेणे आणि लंकेला हिंदी देणे, अशी ही दुहेरी देवघेव वर्ध्याशी जोडली गेलेली आहे.

कोसंबींची प्रकृती १९४६ पर्यंत पूर्ण ढासळली होती. आपल्या हातून आता काही कार्य होणार नाही, मग इतरांवर भार होऊन का राहावे, असा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अखेरच्या काळात विशेष अभ्यास केला होता. त्या परंपरेला अनुसरून अनशनाने देह ठेवण्याचा त्यांचा संकल्प होता. ज्यांच्यावर जैनविरोधाचा आरोप झाला, त्यांनी शेवटी श्रमणांचाच मार्ग निवडला. संयुक्त प्रांतातील दोहरीघाट येथे आरंभलेले अनशन त्यांनी गांधीजींच्या आग्रहावरून थांबवले. त्यानंतर काशी, मुंबई असा प्रवास करून ते १९४७ मध्ये सेवाग्रामला आले. मे महिन्यात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर ४ जून १९४७ रोजी आश्रमातच त्यांनी शांतपणे देह ठेवला. आपल्या अंत्यविधीवर कमीत कमी खर्च व्हावा, याचीही त्यांनी काळजी घेतली होती.

गांधीजी त्या वेळी फाळणीच्या वाटाघाटींनी ग्रासलेल्या दिल्लीत होते. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत त्यांनी प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या विद्वानाला आदरांजली वाहिली. पालीच्या अध्ययनासाठी भारतीय विद्यार्थ्यांना लंकेत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही कोसंबींची अखेरची इच्छा होती आणि तिला मूर्त रूप यावे म्हणून गांधीजींनी लक्ष घातले. हा तपशील या चरित्राच्या केंद्रस्थानी ठेवला पाहिजे. मरणाच्या दारात असलेल्या या माणसाने स्मारक मागितले नाही, स्वतःच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचा आग्रहही धरला नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपण ज्या वाटेने निराधारपणे गेलो, त्या वाटेने पुढच्या विद्यार्थ्यांना साधार जाता यावे, एवढेच त्याने मागितले.

या मागणीत आणखीही एक सूक्ष्म अर्थ आहे. चार वेळा हार्वर्डला जाऊन आलेल्या कोसंबींनी विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवण्याची इच्छा व्यक्त केली नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांची चिकित्सापद्धती त्यांना मोलाची वाटत होती. तरीही जेथे विद्या जिवंत परंपरा म्हणून उरली आहे, तेथे नम्रतेने जाऊन बसले पाहिजे, असा त्यांचा निर्णय होता. लंकेसारख्या लहान देशाकडे भारतासारख्या मोठ्या देशाने शिकण्यासाठी जावे, ही भूमिका शेजारधर्माच्या दृष्टीने किती दूरगामी होती, हे पुढील इतिहासावरून कळते.

८. उत्तरकाल आणि मूल्यमापन

कोसंबींच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा आठवड्यांनी भारत स्वतंत्र झाला. लंका १९४८ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र झाली. १९४९ च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची परिषद शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे भरली. सांस्कृतिक संबंधांसाठी भारत सरकारने १९५० मध्ये स्वतंत्र परिषद स्थापन केली. त्याच वर्षी कोलंबो येथे जागतिक बौद्ध भ्रातृसंघ उभा राहिला. त्याचे प्रणेते गुणपाल मललसेकर हे मुळात पालीचे पंडित. पुढे ते सोव्हिएत संघातील लंकेचे पहिले राजदूत झाले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी इंग्लंडहून लंकामार्गे परत येऊन १९५२ मध्ये सांचीला प्रतिष्ठापित झाल्या. १९५६ च्या बुद्धजयंती महोत्सवानिमित्त भारत सरकारने जो इंग्रजी गौरवग्रंथ प्रकाशित केला, त्याचे संपादक कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट होते. साहित्य अकादमीने ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ अन्य भारतीय भाषांत आणला. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत मुद्रित झाले. काश्यप स्वतः लंकेत शिकून आलेले होते.

या साऱ्या घटनांचे श्रेय कोसंबींना देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांमागे अनेकांचे परिश्रम आणि राज्यकर्त्यांची धोरणे होती. परंतु आशियाई देशांशी स्नेहाचे धोरण आखताना स्वतंत्र भारताला बुद्धाचा वारसा आधाराला घेता आला, तो वारसा समजावून सांगणारी माणसे देशात तयार होती म्हणून. अशी माणसे एका दिवसात तयार होत नाहीत. ती घडवण्याचे काम कोसंबींच्या पिढीने पारतंत्र्यात, स्वतःच्या हिमतीवर केले होते.

या मूल्यमापनाला एक दुसरी बाजूही आहे. भारत आणि लंका यांच्या राजकीय संबंधांत स्वातंत्र्योत्तर काळात अनेकदा कटुता आली. तमिळ मळेवाल्या कामगारांच्या नागरिकत्वाचा प्रश्न असो की १९८० नंतरचा वांशिक संघर्ष, विद्याविनिमयाने हे प्रश्न सुटले नाहीत. पंडितांचा स्नेह राजकारणाची जागा घेऊ शकत नाही. मात्र संबंध बिघडतात तेव्हा पुन्हा बोलण्यास सामायिक भाषा लागते आणि ती भाषा राखण्याचे काम ग्रंथ, विद्यालये आणि विद्यार्थी करतात. विद्योदय परिवेणाचे १९५९ मध्ये विद्यापीठ झाले. भारतीय विद्यापीठांत पालीचे विभाग उभे राहिले. १९९७ मध्ये वर्ध्यातच आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाची स्थापना होऊन परदेशी विद्यार्थ्यांना वर्ध्यास येण्याचे नवे निमित्त मिळाले.

कोसंबींच्या जीवनातून विद्याविनिमयाच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली समानतेची. हार्वर्डच्या वादात त्यांनी ती प्रत्यक्ष लावून दाखवली. दुसरी परतफेडीची. परदेशात मिळवलेले ज्ञान त्यांनी मराठीत, देवनागरीत आणि परळच्या कामगार वस्तीपर्यंत पोहोचवले. तिसरी सातत्याची. बापटांसारख्या शिष्यांतून आणि सेवाग्रामच्या अखेरच्या मागणीतून ती दिसते. आजच्या करारबद्ध आदानप्रदान योजनांत निधी, मुदत आणि अहवाल यांची तरतूद चोख असते. त्या योजनांतून जाणारा अभ्यासक कोणाच्या अटींवर जातो, परत येऊन कोणाला काय देतो आणि त्याच्या मागून त्या वाटेने कोण जातो, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागतात. मराठी आणि पाली यांच्या अभ्यासकांसाठी कोसंबींच्या चरित्राचे महत्त्व या प्रश्नांत आहे.